दोन सेकंदांचा चेहरा

कात्रीबाई हे नाव त्यांना पोरांनी दिलं, तेही पहिल्याच शनिवारी. ओळख करून देताना त्या म्हणाल्या होत्या, "मी एकतीस वर्षं एका वाहिनीवर बातम्या कापल्या." मागच्या खुर्चीवरून एक ताडमाड पोरगा पुटपुटला, "कात्रीने?" सगळे फिस्सकन हसले. बाईही हसल्या. आपण बऱ्याच दिवसांनी चारचौघांत हसलो, हे त्यांच्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर, कुलपात किल्ली फिरवताना.

बाईंचं वय त्रेसष्ट. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणारी माणसंही आता उरली नव्हती. एक धाकटी बहीण दूरच्या शहरात होती. ती रविवारी सकाळी फोन करायची. "ताई, बरी आहेस ना?" "बरी आहे गं." एवढं बोलणं होईतो तिकडे नातवंडांचा कल्ला सुरू व्हायचा आणि फोन आटपायचा. नोकरीची सगळी वर्षं एका अंधाऱ्या खोलीत गेली होती. समोर दोन पडदे, कानांवर हेडफोन आणि दिवसभर माणसांचे चेहरे. कोण बोलायच्या आधी श्वास अडवतं, कोण थाप मारताना कान खाजवतं, हे बाईंना पाठ असायचं. त्या चेहऱ्यांपैकी एकालाही बाई ठाऊक नव्हत्या.

वाचनालयातलं हे काम ग्रंथपालांनी गळ्यात घातलं. बाई रोज सकाळी तिथे वर्तमानपत्र वाचायला जायच्या, तेवढीच ओळख. ग्रंथपाल एक दिवस त्यांच्या टेबलापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाले, "ही पोरं बघा. फुकटच्या वायफायसाठी येतात. एका बाकावर चौघं बसतात आणि चौघं चार ठिकाणी असतात. शेजारी बसून एकमेकांना व्हिडिओ पाठवतात! तुम्ही त्यांना जरा बघायला शिकवा."

"बघायला काय शिकवायचं? डोळे आहेत की त्यांना."

"तीच तर पंचाईत आहे," ग्रंथपाल म्हणाले.

म्हणून शनिवारी दुपारी तीन वाजता, वाचनालयाच्या मागच्या खोलीत, कपाटाला पाठ लावून ठेवलेल्या टीव्हीसमोर चार पोरं बसू लागली. सगळी पंधरा-सोळाच्या आसपासची. ताडमाड पोरगा लंबू. त्याच्यामागे लागून येणारी त्याची बहीण शेपूट. नाकावर घसरणारा चष्मा सारखा वर सरकवणारा चष्मिश. आणि एक बारीक अंगाची मुलगी, जी उत्तर मिळालं तरी समाधान न झाल्यासारखी बघत राहायची, ती प्रश्नचिन्ह. नावं त्यांनीच एकमेकांना ठेवलेली होती. बाईंनी ती तशीच उचलली.

पहिल्या दिवशी बाईंनी अर्ध्या मिनिटाचं, आवाज नसलेलं चित्रण दाखवलं. एक माणूस दार उघडतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, हातातली काळी पिशवी सावरतो आणि भराभर चालू लागतो. मग बाईंनी सगळ्यांना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला लावली. एका बाजूला लिहायचं 'दिसलं', दुसऱ्या बाजूला 'वाटलं'.

चष्मिशने 'दिसलं'खाली लिहिलं: चोर पळतोय.

"चोर दिसला तुला?"

"हो. म्हणजे... पिशवी आहे ना."

"तो माझ्या खालच्या मजल्यावरचा शेजारी आहे. कचरा टाकायला निघालाय. दोन्हीकडे बघतो, कारण त्या गल्लीत एक कुत्रं आहे आणि याची त्याच्यापुढे बोबडी वळते."

पोरं खो खो हसली. मग बाईंनी तेच चित्रण एकदा धडधडत्या संगीतावर आणि एकदा सर्कशीच्या बँडवर दाखवलं. पहिल्या वेळी शेपूट खुर्चीत आक्रसून बसली, दुसऱ्या वेळी लंबू टेबलावर ठेका धरू लागला. माणूस तोच, पिशवी तीच. "आता सांगा," बाई म्हणाल्या, "घाबरवलं कुणी तुम्हाला? त्याने की मी?"

त्या दिवसापासून पोरांना गोडी लागली. जाहिरातीतलं बाळ नेमकं कधी हसतं, भांडणाच्या कार्यक्रमात ओरडणाऱ्याचाच चेहरा मोठा का दाखवतात, मुलाखतीत प्रश्न ऐकू येतो की नुसतं उत्तर, हे सगळं ती चढाओढीने शोधायची आणि एकमेकांशी तावातावाने वाद घालायची. बाई सोमवारपासूनच पुढच्या शनिवारच्या तयारीला लागत. एकच तुकडा दहा-दहा वेळा बघत, टिपणं काढत, लंबू यावर काय म्हणेल याचा अंदाज बांधत. एकदा तर त्या लंबूच्या आवाजात मोठ्याने बोलल्या आणि रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकून ओशाळल्या. पाच वाजता पोरं दप्तरं उचलून एका घोळक्याने जायची. बाई खुर्च्या नीट लावत मागे रेंगाळायच्या. "बाई, येताय का आमच्याबरोबर बसथांब्यापर्यंत?" असं एकदा शेपटीने विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नको, मला काम आहे." काम काहीच नव्हतं.

पाचव्या शनिवारी पोरं आधीच एका व्हिडिओवर तुटून पडलेली होती. तो दोन दिवसांत शहरभर फिरला होता. इस्पितळाच्या खिडकीमागची एक नर्स एका म्हाताऱ्यावर ओरडते, "चालते व्हा इथून!" म्हातारा कागद छातीशी धरून उभा असतो. चौदा सेकंद, संपलं. चौघांनीही तो पुढे पाठवला होता, आणि चष्मिशने तर खाली नर्सला चार शब्दही सुनावले होते.

"सुरू कुठून होतो?" बाईंनी विचारलं.

"ओरडण्यापासून."

"त्याआधी?"

"माहीत नाही."

"नंतर?"

"तेही नाही."

"म्हणजे शेंडा ना बुडखा. कुणाच्या हातात फोन होता? किती वेळ होता? चौदाच सेकंद का?"

लंबू वैतागला. "म्हणजे ती नर्स बरोबर, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तेही मला माहीत नाही."

"मग एवढं सगळं बघून उपयोग काय झाला?"

"न पाठवण्याइतका झाला," बाई म्हणाल्या.

 तेवढ्यात प्रश्नचिन्हाने मान वर केली. "बाई, तुम्ही कधी असं कापलंत? ज्याने कुणाचं नुकसान झालं असं?"

"आमच्याकडे नियम होते," बाई पटकन म्हणाल्या. "नियमाने काम चालायचं."

 मुलीने वहीत काहीतरी लिहिलं. 'दिसलं'खाली की 'वाटलं'खाली, ते बाईंना दिसलं नाही.

घरी आल्यावर बाईंनी कपाट उघडलं आणि चादरींच्या खालची एक व्हिडिओ कॅसेट बाहेर काढली. बावीस वर्षांपूर्वीची. एका गावाबाहेर, दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात बारा वर्षांचा मुलगा बुडाला होता. तिसऱ्या दिवशी वार्ताहर आणि कॅमेरामन त्याच्या आईकडे गेले आणि चाळीस मिनिटांचं चित्रण घेऊन आले. बाईंना त्याची अडीच मिनिटं करायची होती आणि बातम्या सुरू व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती.

वार्ताहराने आईला विचारलं होतं, "त्याला एकट्याला का जाऊ दिलंत?" ती खाली बघत राहिली. अकरा सेकंद. मग म्हणाली, "मी कपडे वाळत घालत होते." बाईंनी ते अकरा सेकंद उडवले. पण मधला तुकडा काढला की पडद्यावर चेहरा जागच्या जागी दचकल्यासारखी उडी मारतो. तो सांधा झाकायला त्याच चेहऱ्याचे, जरा जवळून घेतलेले, आणखी दोन सेकंद लागतात. बाईंनी ते चित्रणाच्या शेवटाकडून उचलले. तिथे मुलाखत संपलेली होती. कॅमेरामनने आईपुढे पाण्याचा पेला धरला होता. पेला चौकटीत नव्हता, फक्त तिचा चेहरा होता. कुणी काही हातात दिलं की माणूस सवयीने करतं, तसे तिने ओठ जरासे हलवले होते.

रात्री लाखो लोकांनी पाहिलं ते असं: त्याला एकट्याला का जाऊ दिलंत? आई किंचित हसते. मी कपडे वाळत घालत होते.

दुसऱ्या दिवशी लोक म्हणू लागले, दगडाच्या काळजाची आहे. कुणी म्हणालं, यात काहीतरी पाणी मुरतंय. महिन्याभरात ती गाव सोडून गेल्याचं कानावर आलं. बाईंनी साहेबांना दाखवायचं म्हणून पूर्ण चित्रणाची एक प्रत साध्या कॅसेटवर करून घेतली. तेव्हा नेमके साहेब रजेवर होते. मग निवडणुका लागल्या. मग कॅसेट चादरींखाली गेली आणि तिथेच राहिली.

पुढच्या शनिवारी बाईंनी टीव्ही लावलाच नाही. कॅसेट टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "घाईत झालं. लक्षात आलं नाही."

 मग प्रश्नचिन्ह म्हणाली, "बाई, राग मानू नका. पण 'घाई होती' हे ठीक आहे. 'लक्षात आलं नाही' हे कुठल्या रकान्यात लिहायचं?"

"म्हणजे?"

"तुम्ही दिवसभर चेहरेच बघायचात ना? कोण कधी श्वास घेतं तेसुद्धा कळायचं, असं तुम्हीच सांगितलंत. मग तो चेहरा हसरा आहे, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"ए, गप ना," शेपूट कुजबुजली.

 बावीस वर्षं ही गोष्ट बाईंनी स्वतःला 'घाईत झालं' इथपर्यंतच सांगितली होती. ती तिथे कापलेली आहे, हे एका सोळा वर्षांच्या मुलीने पहिल्याच ऐकण्यात पकडलं.

"दिसलं," बाई म्हणाल्या. "दिसलं होतं मला. वाटलं, दोन सेकंद तर आहेत, कुणाच्या लक्षात येतंय. सांधा छान बसला होता. साहेब म्हणाले, वा! मला बरं वाटलं होतं."

चष्मिश चष्मा काढून पुसत बसला. "आणि आम्हाला नर्सवरून बोललात," तो हळूच म्हणाला. "आपलं ठेवायचं झाकून..." पुढचं त्याने गिळलं.

"बोल की. खरंच आहे ते."

लंबूने कॅसेटकडे बोट केलं. "यात सगळं आहे? बघू या का?"

"तिला विचारलंय?" प्रश्नचिन्ह त्याच्यावर उसळली. "एकदा सगळ्यांनी बघितलं तिला न विचारता. आता परत आपण?"

"अगं, पण आपण खरं काय ते बघू. नेटवर टाकू. लोकांना कळेल तरी!"

"लोकांना कशाला? तिला कळायला नको आधी?"

अर्धा तास चौघं भांडली. बाई मध्ये पडल्या नाहीत. शेवटी कॅसेट कुणीच बघायची नाही, ती जिची आहे तिला नेऊन द्यायची, असं ठरलं. कुणी द्यायची, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. "मी येऊ का बरोबर?" असं प्रश्नचिन्हाने जाताना दारात विचारलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

जुन्या कॅमेरामनला फोन केला तेव्हा त्याने आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर म्हणाला, "अहो, कशाला उकरून काढताय आता?" तरी दोन दिवसांनी त्याने पत्ता मिळवून दिला. बसने दोन तासांचा रस्ता होता.

आता कॅसेट लावायला घरोघरी यंत्र कुठलं? लग्नाच्या जुन्या कॅसेटी उतरवून देणाऱ्या एका दुकानात बाई गेल्या आणि पेन ड्राइव्हवर प्रत करायला सांगितली. दुकानदार म्हणाला, "चाळीस मिनिटं लागतील, फिरून या." बाई म्हणाल्या, "नाही, मी बसते. आणि तुम्ही पडद्याकडे बघू नका, एवढं करा माझ्यासाठी." दुकानदाराने खांदे उडवले आणि पाठ फिरवून वायरी सोडवत बसला. बाई स्टुलावर बसून राहिल्या. तो चेहरा त्यांना सख्ख्या बहिणीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होता. कुठे डोळे मिटतात, कुठे पदराचं टोक बोटाला गुंडाळलं जातं, सगळं यायच्या आधीच त्यांना आठवत होतं. पण ते अकरा सेकंद त्या विसरल्या होत्या. त्या अकरा सेकंदांत ती आई एकदा दाराकडे बघते, कुणी आलं का म्हणून.

मंगळवारी दुपारी बाईंनी त्या दाराची कडी वाजवली. साठी उलटलेल्या बाईने दार उघडलं. केस पांढरे, गळ्यात मापं घ्यायची टेप. आत शिलाईयंत्रावर निळं कापड अर्धवट शिवून ठेवलेलं दिसत होतं.

"कपडे द्यायला आलात का?"

"नाही. मी... तुमची मुलाखत झाली होती ना, टीव्हीवर. बावीस वर्षांपूर्वी. ती मी कापली होती."

"कापली म्हणजे?"

बाईंनी सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभं राहून, जमेल तितक्या सरळ शब्दांत. पाण्याचा पेला, दोन सेकंद, प्रश्नानंतर लावलेला चेहरा. आपल्याला तो हसरा दिसला होता, हेही सांगितलं. समोरच्या बाईचा एक हात दाराच्या चौकटीवर होता, तो तसाच राहिला.

"म्हणजे त्या प्रश्नाला मी हसले नव्हते?"

"नाही."

"मला सगळ्यांनी विचारलं. नवऱ्याने, नणंदेने. का हसलीस? मी म्हणायचे, आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं हो. त्या दिवसातलं काहीच आठवत नाही मला." ती थांबली. "मग दोन-चारदा दाखवलं त्यांनी. तेव्हा वाटलं, हसलेच असेन. दिसतंय ना समोर. कसली आई मी, असं वाटत राहिलं. बावीस वर्षं."

 लोकांना काय वाटलं असेल याचा विचार बाईंनी हजारदा केला होता. त्या चौकटीतल्या बाईलाही ते खरं वाटलं असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"नवरा गेला माझा," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली. तो तसंच समजून गेला."

बाईंनी कॅसेट आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. कॅसेटवर त्यांनी आपला फोन नंबर लिहून चिकटवला होता. "यात पूर्ण आहे. दुसरी प्रत नाही. कुणीही बघितलेलं नाही, फक्त मी."

तिने दोन्ही वस्तू घेतल्या. पेन ड्राइव्ह उलटसुलट करून बघितला. "आत्ता आणलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आत्ता." आणि दार लावून घेतलं. धाडकन नाही, हळूच, रोज लावावं तसं. आत शिलाईयंत्र सुरू झालं नाही. बाई थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या, मग परतीच्या बसमध्ये बसल्या. बस जवळजवळ रिकामी होती. दोन तासांत शेजारची जागा कुणी घेतली नाही.

शनिवारी त्यांनी पोरांना सांगितलं, बसमध्ये चढल्यापासून दार लागेपर्यंत, काही न गाळता. स्वतःला शोभणारं नव्हतं तेही सांगितलं.

"म्हणजे तिने माफ नाही केलं?" लंबूने विचारलं.

"मी मागितलीच नाही माफी. वाटेत ठरवलं होतं मागायची. पण दारात गेल्यावर वाटलं, तिच्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलंय. आता आणखी हे कुठे मागू?"

शेपटीच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मिशने विचारलं, "तिने बघितलं असेल का ते?" बाई म्हणाल्या, "माहीत नाही." या उत्तरावर यावेळी कुणी वैतागलं नाही. प्रश्नचिन्ह बराच वेळ बाईंकडे बघत होती. त्या बघण्यात माया होती की निवाडा, हे बाईंना ओळखता आलं नाही. चेहरे वाचण्यात आयुष्य घालवूनही नाही.

पुढे परीक्षा आल्या. लंबू आणि शेपूट यायची बंद झाली. त्यांच्या वडिलांची बदली झाल्याचं ग्रंथपालांकडून कळलं, पोरांनी सांगितलं नव्हतं. चष्मिश कधी यायचा, कधी नाही. प्रश्नचिन्ह मात्र तीनच्या ठोक्याला येऊन बसायची. कधीकधी दोघीच असायच्या. एखादी जाहिरात लावायच्या, वहीत रेघ मारायच्या, लिहून झालं की वह्या अदलाबदल करायच्या. पूर्वीसारखा कल्ला नसायचा. खोली जास्तच मोठी वाटायची.

त्या भेटीनंतर तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी बाई टिपणं काढत बसल्या होत्या आणि फोन वाजला. नंबर अनोळखी.

"तुम्ही दारात आला होतात," पलीकडून आवाज आला. "शेजारच्या मुलीने लावून दिलं. तिला बाहेर पाठवलं आणि मग बघितलं मी."

"हो," बाई कशाबशा म्हणाल्या.

"दोनदा बघितलं. तो प्रश्न विचारल्यावर मी दाराकडे बघते."

"हो."

"तो शाळेतून यायचा त्या वेळेला. तुमचे लोक आले त्या दिवशीसुद्धा ती वेळ झाली होती." मग बराच वेळ काही नाही. बाईंनी मनात सेकंद मोजले नाहीत. "बरं. एवढंच सांगायचं होतं. या नंबरवर तुम्ही फोन करू नका."

"नाही करणार."

फोन बंद झाला. बाई तो हातात धरून बसून राहिल्या. हे ज्याला सांगावं असं माणूस नव्हतं, आणि असतं तरी ते सांगायचं नव्हतं. शनिवारी प्रश्नचिन्हाने विचारलं, "काही कळलं का हो तिचं?" बाई क्षणभर थांबल्या.

"कळलं," त्या म्हणाल्या. "पण ते तिचं आहे. मी नाही सांगणार."

मुलीने मान डोलावली आणि वहीचं कोरं पान उघडलं.